आठ वर्षांची बॅटरी

शेवटच्या दोन महिन्यांत माझ्या आत्याच्या गाडीत कुणी बोलत नसे. सकाळी सातला वरकुट्यातून पाच बायका निघायच्या. गाडी चालवणारी आत्या, आणि बारामतीच्या एमआयडीसीत कपडे शिवायला जाणाऱ्या चौघी. बॅटरीत किती टक्के उरलेत ते सांगणारा आकडा स्टिअरिंगच्या मागे दिसायचा. त्याच्याकडे बघत पाचही जणी गप्प बसायच्या. बोलण्याने बॅटरी उतरत नाही हे त्यांनाही कळत होतं. तरी परतीच्या वाटेवर आकडा तिसाच्या खाली आला, की चौघींपैकी शर्टाला कॉलर लावण्याचं काम करणारी बाई ओठांवर बोट ठेवायची. तिला सगळ्या कॉलरवाली म्हणत. पहिल्यांदा तिने ते गंमत म्हणून केलं होतं. पुढे कुणी हसेनासं झालं.

ही विजेची गाडी आत्याने माझ्या सांगण्यावरून घेतली होती.

मी पत्रकांवर वाढले. इंदापुरात वडिलांचा छोटा छापखाना होता. दिवसा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायची, आणि त्यातून उरलेल्या कागदावर पत्रकं: पाण्याच्या वाटपाबद्दल, ऊसतोडणी बायकांच्या मजुरीबद्दल, अंगात येण्याच्या ढोंगाबद्दल. घरात किराण्याची यादी पत्रकाच्या कोऱ्या बाजूला लिहिली जायची. मी अक्षरं ओळखायला शिकले तीही त्यांच्यावरच. पहिला शब्द वाचला तो ‘जाहीर’ होता, असं आई सांगते. वडील म्हणायचे, माणूस पत्रकाच्या तीन ओळी वाचतो आणि उरलेलं खिशात घालतो. काय सांगायचं ते तीन ओळींत सांग. आणि त्यांचा सगळ्यात जुना राग होता बारीक अक्षरांवर. कर्जाच्या फॉर्मवरची, विम्याच्या कागदावरची, बियाण्याच्या पिशवीमागची बारीक अक्षरं. लोक अंगठे उठवण्याआधी वडील भिंग घेऊन ती वाचून दाखवायचे. हे सगळं पाहत मोठी झालेली मी, आणि पुढचं माझ्याच हातून झालं, याची लाज अजून गेलेली नाही.

तीनएक वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजातल्या काही मुलामुलींनी पेट्रोल-डिझेलच्या विरोधात एक पत्रक काढलं. मजकूर माझा होता. त्यात मी लिहिलं होतं, ‘बॅटरीची भीती बाळगू नका. बॅटरीला आठ वर्षांची हमी आहे.’ माझ्यासमोर कंपनीची पुस्तिका उघडी होती आणि तिच्यात वाक्य याहून मोठं होतं: आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. एवढं सगळं ओळीत मावत नव्हतं. एक शब्द खालच्या ओळीवर लोंबत होता आणि वाचताना जोर जात होता. मी ‘किंवा’पासून पुढचं कापलं. प्रूफ वाचताना वडिलांनी पेन्सिलने त्या ओळीखाली रेघ मारून विचारलं, कंपनीने एवढंच म्हटलंय का? मी म्हणाले, पुढे त्यांच्या नेहमीच्या अटी आहेत. त्यांनी प्रूफ माझ्याकडे सरकवलं. मी मोठी झाले, आपल्यापेक्षा जास्त शिकले, असं त्यांना वाटत असावं. पत्रक छापलं, आणि इंदापूरच्या एसटी स्टँडवर मी स्वतः ते वाटलं.

त्याच सुमारास आत्याच्या घरी गाडीचा विषय निघाला. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांनी तीस वर्षं इंदापूर-बारामती रस्त्यावर जीपचं वडाप केलं. माणसं भरायची, वाटेत उतरवायची, पुन्हा भरायची. पाठीच्या मणक्याने दगा दिल्यावर त्यांनी जीप विकली, पण त्याआधी आत्याला चालवायला शिकवलं होतं. आत्याच्या मनात एक हिशोब पक्का होता. गावातल्या आणि वाटेवरच्या बायकांना एमआयडीसीत कामं मिळत होती, पण साडेआठच्या पाळीला पोचवेल अशी एसटी नव्हती. बाई चालवते म्हटल्यावर घरचे लोक बायकांना सोडतील. आणि तसंच झालं. चौघीजणी लगेच तयार झाल्या. त्यांतली सगळ्यात धाकटी, नुकतं लग्न होऊन आलेली सून, हिला तर सासूने एकाच अटीवर परवानगी दिली होती. आत्याबाईंच्या गाडीतनं जाणार असशील, दारातनं दारापर्यंत, तरच.

पेट्रोलची गाडी घेतली तर जाण्यायेण्याच्या नव्वद किलोमीटरांत सगळी कमाई जळून जाणार, हे मी आत्याला आकडे मांडून दाखवलं. ते आकडे बरोबर होते. आजही बरोबर आहेत. नवी विजेची गाडी परवडणार नव्हती, म्हणून आम्ही पुण्याबाहेरच्या एका यार्डात जुनी बघायला गेलो. तिथे टॅक्सी म्हणून वापरलेल्या पांढऱ्या गाड्या रांगेने उभ्या होत्या.

मामांनी एका गाडीभोवती दोन चकरा मारल्या. टायर दाबून पाहिले, दार उघडून लावून आवाज ऐकला, पायपुसणं उचलून गंज बघितला. मग विचारलं, कुठल्या सालचं मॉडेल? आमच्याकडे गाडीचं वय सालावरच ठरतं. किलोमीटर कुणी विचारत नाही, कारण मीटर मागे फिरवलेला असतो हे सगळे धरूनच चालतात. मामांनी स्वतःची जीप विकतानाही तो फिरवून घेतला होता. या गाडीच्या मीटरवर एक लाख अडतीस हजार होते. मी तो आकडा मोठ्याने वाचला.

“त्याच्याकडं बघू नगंस,” मामा म्हणाले. “मीटर बोलायपुरता असतोय.”

“अवं, मग इंजनाचा आवाज तरी ऐका,” आत्या म्हणाली.

मामांनी बॉनेट उघडून सवयीने कान जवळ नेला, थोडा वेळ तसेच वाकून राहिले आणि सरळ होत म्हणाले, “ह्यात ऐकायला काय न्हायच की.”

आम्ही हसलो. तिथे खरं बोलणारी एकच गोष्ट होती, तो मीटर. आणि आमच्या तिघांपैकी कुणीही त्याचं ऐकलं नाही. मामांचा मीटरवर विश्वास नव्हता म्हणून, आत्याचा मामांवर होता म्हणून. माझं कारण वेगळं होतं. किलोमीटरचं ते वाक्य मी स्वतः वाचलेलं होतं. पण कापून टाकलेली ओळ माणूस लवकर विसरतो. यार्डवाला म्हणाला, गाडी चार वर्षांची, बॅटरी आठ वर्षांची, अजून चार वर्षं काळजी नाही. आत्याने त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. जीप विकून आलेले आणि शिवणकामातून साठवलेले मिळून सव्वाचार लाख रुपये आत्याने त्या दुपारी दिले.

पहिले सात-आठ महिने चांगले गेले, हेही लिहिलं पाहिजे. रात्रभर घरच्या प्लगवर लावलेली गाडी सकाळी एकशेतीस किलोमीटर दाखवायची. जाऊन येऊन चाळीस शिल्लक राहायचे. वडापच्या जीपमध्ये बोलायचं तर ओरडावं लागायचं. या गाडीत पुढे कुजबुजलेलंही मागे ऐकू जायचं. त्यामुळे सासवांबद्दल बोलायची चोरी झाली, अशी कॉलरवालीची तक्रार होती. सुनेची सासू आत्याची चुलत जाऊ लागत होती, म्हणून सून तर पुढच्या सीटवर बसायलाच तयार नसायची. ती बाह्या लावायला शिकली, मग तिला लाईनीत स्वतःचं पक्कं मशीन मिळालं. पहिला पूर्ण पगार झाला त्या दिवशी तिने सगळ्यांना भेळ खाऊ घातली आणि सासूसाठी चपला नेल्या. मी सुट्टीत गावी गेले की मुद्दाम त्या गाडीतून एखादी फेरी करायचे. मला वाटायचं, आपण लिहिलेलं काही तरी चाकांवर चाललंय.

आठव्या महिन्यात, भर उन्हाळ्यात आत्याचा फोन आला. मी तेव्हा पुण्यात शिकत होते आणि एका मोर्चाचे घोषणाफलक लिहीत बसले होते.

“अगं, पयल्यासारखी न्हाय ऱ्हायली. शंभर किलोमीटरच्या आसपास येतीया. दाखवून आणू का कुठं?”

मी तिला सांगितलं की ऊन आहे, उन्हाळ्यात असं होतं, पावसाळ्यात परत वाढेल. एसी बंद ठेव. बॅटरीला आठ वर्षं आहेत, घाबरू नकोस.

“बरं,” ती म्हणाली. “तू म्हणतीस म्हंजे झालं.”

पावसाळा आला आणि गेला. किलोमीटर वाढले नाहीत. एसी बंदच राहिला. बायका डब्याच्या झाकणाने वारा घ्यायच्या. आत्या युनिटच्या गेटवरच्या वॉचमनच्या कृपेने दिवसभर तिथल्या प्लगवर गाडी लावायची. साहेबांनी बघितलं आणि तेही बंद झालं. बारामतीत एका हॉटेलापाशी मोठा चार्जर बसला होता, तिथे ती मोठ्या आशेने गेली, तर त्याचा प्लग नव्या गाड्यांचा. या जुन्या मॉडेलच्या तोंडात तो बसेना. मग ते गप्प बसणं सुरू झालं.

आणि एका संध्याकाळी गावाच्या अलीकडे सहा किलोमीटरांवर गाडी थांबली. आवाज झाला नाही, धूर निघाला नाही. आकडा शून्यावर आला आणि चाकं फिरायची थांबली. बायका थोड्या चालल्या, मग जनावरांसाठी उसाचं वाढं नेणाऱ्या एका ट्रॅक्टरने त्यांना घेतलं. सून घरी पोचली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. सासू दारात उभी होती. ती रागावली नाही. तिने एवढंच सांगितलं की गाडी दुरुस्त होईपर्यंत घरी राहायचं. सुनेने मान्य केलं, आणि युनिटात आठ दिवस आजारपण सांगितलं. त्याच्या पलीकडे मशीन दुसरीला जाणार हे तिलाही माहीत होतं.

म्हणजे आठ दिवस होते. मी पुण्याहून आले. गुरुवारी, युनिटला सुट्टी असते त्या दिवशी, आत्या, कॉलरवाली आणि मी गाडी घेऊन बारामतीबाहेरच्या एका सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या तरुण मेकॅनिकने गाडीला लॅपटॉप जोडला आणि आमच्यासाठी तो वळवून ठेवला. बॅटरीची ताकद नवी असतानाच्या एकसष्ट टक्के उरली होती. त्याने समजावलं की टॅक्सी म्हणून पळताना ही गाडी सतत जुन्या पद्धतीच्या मोठ्या चार्जरवर घाईघाईने भरली गेली असणार. बॅटरी एक नसते, आत छोट्या छोट्या बॅटऱ्यांचे गट असतात, आणि सगळ्यात कमजोर गट जेवढं देतो तेवढंच बाकीच्यांना देता येतं.

“म्हंजे लाईनीत एक बाई मागं पडली की सगळ्या लाईनीचं टार्गेट बुडतं, तसंच की,” कॉलरवाली म्हणाली.

“अगदी तसंच, मावशी.”

“मग ती एक बाई बदला.”

“बदलता येते. बाहेर करून देतात. लाख-दीड लाख जातील, हमी सहा महिन्यांची, तीही तोंडी. पण लाईनीतल्या बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत. आज ही, उद्या दुसरी.”

अख्खी नवी बॅटरी केवढ्याला, हे आत्याने विचारलं. साडेपाच लाख, वर टॅक्स. आणि हे मॉडेल बंद झालंय, त्यामुळे मागवली तरी तीन-चार महिने. गाडी सव्वाचार लाखांची होती. आत्याने बॅटरीचा आकडा त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला.

मग त्याने जुनी नोंद उघडली आणि सहज विचारलं, “ताई, तुम्ही सहा-सात महिन्यांपूर्वी का नाही आलात? बॅटरी सत्तरच्या खाली गेली की कंपनी फुकट बदलून देते, एक लाख साठ हजाराच्या आत असाल तर. तुम्ही एक लाख बहात्तर हजारांवर आहात. उन्हाळ्यात आला असता तर शक्यता होती.”

आत्या म्हणाली, “उन्हाळा म्हणून तर न्हाय आलो.”

मी मनातल्या मनात मोजलं. तिचा फोन आला त्या दिवशी मीटरवर एक लाख सत्तावन्न हजारांच्या आसपास असणार. तीन हजार किलोमीटर शिल्लक होते. सव्वा महिन्याच्या फेऱ्या. कदाचित बॅटरी तेव्हा सत्तरच्या वर असती आणि त्यांनी परत पाठवलं असतं, हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलंय. पण तिने दाखवायला नेऊ का विचारलं होतं, आणि मी नको म्हणाले होते.

परत येताना बॅटरी वाचवायला आत्या ताशी चाळीसच्या वर गेली नाही. मी तिला सगळं सांगितलं. पुस्तिकेतलं पूर्ण वाक्य, मी कापलेला भाग, आणि का कापला तेही. सांगताना माझा आवाज पत्रक वाचल्यासारखा येत होता आणि मला त्याची चीड येत होती. आत्याने गाडी थांबवली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

“पत्रक मी वाचलंच न्हाय गं,” ती म्हणाली. “मला चष्मा तरी कुठं हुता तवा. तू म्हणलीस म्हणून गाडी घेतली.”

मागून कॉलरवाली म्हणाली, “आन् आमी बाईची गाडी म्हणून बसलो. आता कुणाकुणाला धरायचं?”

तिला मला वाचवायचं होतं, हे मला कळलं. त्याने जास्तच लागलं.

पुढचे चार दिवस मी फोन केले. पुण्यातली, कोल्हापूरची वर्कशॉपं, पत्रकाच्या वेळी ओळख झालेले अभियंते. सगळ्यांनी आधी माझं कौतुक केलं आणि मग तेच आकडे सांगितले. चौघी बायकांनी पंचवीस-पंचवीस हजार काढायची तयारी दाखवली, म्हणजे निदान कमजोर गट बदलता येतील. आत्याने ऐकून घेतलं आणि नको म्हणाली. सहा महिन्यांनी पुन्हा रस्त्यात उभं राहायचं ते तुमच्या पैशावर, हे मला जमायचं न्हाय. मामा ओट्यावर बसून होते. ते म्हणाले, तीस वर्षं मीटर खोटा धरत आलो, एकदा खरा धरायला पायजे हुता. एरवी ते चूक कबूल करणारे गृहस्थ नव्हेत.

आठ दिवस संपले. सुनेचं मशीन दुसरीला गेलं.

महिन्याभरात आत्याने गाडी विकली. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका रोपवाटिकावाल्याला रोपांचे ट्रे आसपासच्या शेतांवर न्यायला ती हवी होती. त्याचं दिवसाचं जाणंयेणं वीस किलोमीटरांच्या आत. आत्याने त्याला सर्व्हिस सेंटरचा कागद आधी हातात दिला, मग चावी. पैसे दीड लाखही आले नाहीत. तिथे ती गाडी अजून नीट चालते असं कळतं. आत्या आता इंदापुरातल्या एका शाळेची व्हॅन चालवते, पगारावर. कॉलरवालीने बारामतीत खोली घेतली. बाकीच्या दोघी इंदापूरजवळ डाळिंबाच्या पॅकिंगला जातात, हंगामापुरत्या.

माझा राग गाडीवर नाही. विजेवरच्या गाड्यांच्या बाजूने मी आजही भांडेन. पण ती अट मी कापली होती तेव्हा कंपनीची पळवाट म्हणून कापली होती, आणि ती तशी नव्हती. त्या बॅटरीबद्दलची सगळ्यात उपयोगाची माहिती तीच होती. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कागद सरळ केला. वाटलेलं पत्रक माघारी घेता येत नाही, एवढं तुला आधी सांगायला हवं होतं, म्हणाले. दोष स्वतःकडे घ्यायची त्यांची ही पद्धत मला आवडत नाही. मी दुसरं पत्रक काढलं. त्यात जुनी गाडी घेताना आधी किलोमीटर बघा, बॅटरीची ताकद लॅपटॉप लावून मोजून घ्या, नव्या बॅटरीची किंमत गाडी घेण्याआधी विचारा, असं सगळं अटींसकट लिहिलं. लोकांनी ते घेतलं आणि खिशात घातलं.

परवा रविवारी इंदापूरच्या बाजारात सून भेटली. मेथीच्या ढिगापाशी उकिडवी बसून जुड्या निवडत होती. मला बघून हसली, शेजारी जागा करून दिली. सासू दोन ढिगांपलीकडे कांद्यांचा भाव करत होती. सुनेने तिकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

“ताई, बॅटऱ्या सस्त व्हायला लागल्यात म्हणं. मोबाईलवर बघितलं मी. अजून किती दिस लागतील?”

मला समजेना. तिने मग सांगितलं. घरी तिने अजून काम सुटलं असं म्हटलेलंच नव्हतं. बॅटरी स्वस्त झाली की आत्याबाई पुन्हा गाडी घेणार आहेत, तोवर थांबलेय, असं ती सासूला सांगत आली होती. सासूही ‘तोवर’ या बोलीवर थांबली होती. घरात दुसरं काही तिच्यावर लादलं नव्हतं. सातला निघायची तिची सकाळ घरात अजून मोकळी ठेवलेली होती.

बॅटऱ्या स्वस्त होताहेत हे खरं होतं. मला त्यावर दहा मिनिटं बोलता आलं असतं, आणि तिने ते सगळं विश्वासाने ऐकलं असतं.

“नव्या गाड्यांच्या होतील,” मी म्हणाले. “त्या गाडीची होणार नाही. आणि आत्या आता दुसरी गाडी घेणार नाही. तिने मला तसं सांगितलंय.”

तिने हातातली जुडी उलटीसुलटी करून बघितली.

“न्हायच का?”

“नाही.”

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. मग पिशवी उचलून सासू उभी होती तिकडे गेली. ती सासूला काय म्हणाली ते मला गर्दीत ऐकू आलं नाही. सासूने भाव करायचा थांबवून तिच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि कांद्याची पिशवी तिच्या हातात दिली.